कृष्णाकाठची गाडी, पन्हाळ्याचा घाट

सांगलीत जुनी मोटार विकत घ्यायची असेल, तर तिचे किलोमीटर आणि टायर पाहण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ही गाडी कोठे उभी होती? अन्य गावांत हा प्रश्न विचित्र वाटेल. येथे तो चहाच्या टपरीवरचा पोरगाही विचारतो. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट धरतात. त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांवर गेले. गावभाग, मारुती चौक, टिळक चौक, दत्तनगर या भागांत घराघरांतून पाणी शिरले आणि लगेच ओसरलेही नाही. विश्रामबागेकडचा उंच भाग बराचसा कोरडा राहिला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झाले. माणसे माळ्यावर आणि गच्चीवर गेली, गुरे उंच जागी नेली, पण असंख्य मोटारी जेथे होत्या तेथेच बुडून राहिल्या.

त्या मोटारींचे पुढे काय झाले? दुरुस्तीचा खर्च विम्यात नोंदलेल्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपलीकडे गेला, की विमा कंपनी गाडी पूर्ण बाद झाली असे धरते, मालकाला भरपाई देते आणि उरलेला सांगाडा विकला जातो. विकत घेणारा तो धुतो, सुकवतो, गादीचे कापड बदलतो. काही महिन्यांनी तीच गाडी बाजारात चकचकीत होऊन उभी राहते. यात बेकायदा असे काही असेलच असे नाही. प्रश्न उरतो तो सांगण्या-न सांगण्याचा.

आमच्या घरी माणसे सात. चौऱ्याऐंशी वर्षांची आई, आम्ही दोघे, मुलगा-सून आणि दोन नातवंडे. लग्नकार्य असो की यात्रा, दोन गाड्या कराव्या लागतात आणि मग एक पुढे, एक मागे, फोनवर फोन. म्हणून तीन रांगांची गाडी घ्यावी असे ठरले. नवीचा आकडा वीस लाखांच्या पुढे जाऊ लागला, तेव्हा जुनीकडे वळणे भाग होते. हळदीच्या व्यापारातले एक परिचित गृहस्थ आपली २०१७ ची सात आसनी डिझेल गाडी पावणेनऊ लाखांना देणार होते. गाडी कोणत्या कंपनीची, हे मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे आढळले त्यात कंपनीचा काही दोष नव्हता.

या गाड्यांना क्रॉसओव्हर म्हणतात. दिसायला जीप, अंगाने मोटार. जुन्या जीपगाड्यांना खाली शिडीसारखी लोखंडी चौकट असे आणि तिच्यावर टप बसवलेला असे. येथे तशी वेगळी चौकट नसते. तळ, खांब, छत मिळून एकच पत्र्याचे कवच, आणि तेच हाडे, तेच कातडी. महिंद्राने २०११ साली चाकणच्या कारखान्यातून एक्सयूव्ही ५०० आणली, तेव्हापासून हा प्रकार आपल्याकडच्या एकत्र कुटुंबांत रुळला. चालवायला ही गाडी हलकी आणि आत बसणाऱ्याला धक्के कमी. मात्र तिचा तळ गंजला, तर तो वरवरचा डाग राहत नाही. कवचाच्या पोकळ पट्ट्यांत पाणी साठून राहिले असेल, तर गंज आतून पोखरत येतो आणि वरचा रंग तसाच झळकत असतो. पुराचा प्रश्न अशा गाडीला म्हणूनच जास्त लागू.

पहिली पाहणी आम्ही सकाळी, इंजिन थंड असताना, त्यांच्या दारातच केली. पहिल्याच फेऱ्यात इंजिन सुरू झाले, धूर आला नाही. टायरवरील चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. त्यांवरून टायर दीड वर्षाचे निघाले. किलोमीटर एकाहत्तर हजार. आईने विचारले, "आसने चामड्याची तर नाहीत ना?" मालक हसून म्हणाले, "नाही हो आई, रेक्झिन आहे. मीही पाहूनच घेतली होती." आपल्या घरांत हा प्रश्न इंजिनाच्या आधी येतो, आणि तो आला याचे मला बरे वाटले. एक गोष्ट तेवढी खटकली. क्लचच्या पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते, आसनाखालचे बोल्ट मात्र परवाच आणल्यासारखे चमकत होते. झिजलेल्या घरात नव्या बिजागऱ्या दिसाव्यात तसे. मी मुलाला म्हटले, "आज संध्याकाळपर्यंत हिला सोडायची नाही. पन्हाळ्यापर्यंत नेऊ."

पन्हाळाच का? गल्लीत दोन फेऱ्या मारून भरल्या गाडीचा दम कळत नाही. सांगली-कोल्हापूर हा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता सपाट, गर्दीचा. त्यापुढे वीस किलोमीटर आणि शेवटी घाट. सूनबाई माहेरी गेली होती, म्हणून सातवी जागा गाडीच्या मालकांना मिळाली. तिसऱ्या रांगेत मी आणि नातू बसलो. विकणारा ड्रायव्हरशेजारी बसतो, घेणारा गाडी चालवतो आणि मागच्या रांगेत कोणी बसतच नाही, अशीच बहुतेक खरेदी होते. तीन रांगांसाठी पैसे मोजायचे असतील, तर तिसऱ्या रांगेचा निवाडा तेथे बसणाऱ्यानेच द्यावा.

निवाडा फारसा गोड नव्हता. मधले आसन दुमडून वाकत आत शिरावे लागते. मागे तळ उंच असल्याने गुडघे छातीकडे येतात, मांडीला आधार मिळत नाही. काच उघडत नाही. एसीचा झोत मात्र येत होता आणि तो वेगळा कमी-जास्त करता येत होता, ही जमेची बाजू. डोक्यामागे काच इतकी जवळ की डिकीत दोन पिशव्या आणि पाण्याचा कॅन एवढेच मावले. सात माणसे आणि सात माणसांचे सामान या दोन गोष्टी अशा गाडीत एकदम बसत नाहीत, हे कोणत्याही जाहिरातीत लिहिलेले नसते. सामान टपावर जाणार, हे धरूनच चालावे. मुलांना मागे बसायला आवडते. आईला तेथे कधीच बसवता येणार नव्हते. तिची जागा मधल्या रांगेत डावीकडे. पायरीची उंची तिने काठी टेकून दोनदा चढून पाहिली आणि "जमेल" एवढेच म्हणाली.

अंकलीचा पूल ओलांडला की कोल्हापूर जिल्हा लागतो. खाली कृष्णा पौषातली, शांत, वाळूच्या कडेने सरकणारी. हीच नदी त्या वर्षी कोठवर आली होती, हे नातवाला दाखवू लागलो, तर त्याला खरे वाटेना. उदगाव, जयसिंगपूर मागे पडले. हंगाम उसाचा, त्यामुळे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर ओळीने चाललेले. या भागात गाडीचा पिकअप पाहण्यासाठी वेगळी जागा शोधावी लागत नाही. उसाच्या ट्रॉलीला सुरक्षितपणे ओलांडता आले की झाले. मुलाने तिसरा गिअर टाकला, आणि सात माणसे घेऊन गाडी कुरकुर न करता पुढे गेली. मालकांच्या चेहऱ्यावर समाधान उमटले. हातकणंगल्याशी बाहुबलीकडे वळणारा फाटा आला, तेव्हा आईने आणि सौ.ने बसल्या जागी हात जोडले. पुढे शिरोली. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी येथे पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली गेला होता आणि ट्रकांच्या रांगा दिवसच्या दिवस खोळंबल्या होत्या. पंचगंगा ओलांडून आम्ही कोल्हापूरला वळसा घातला.

वाघबिळापासून चढ लागतो. पन्हाळा समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फुटांवर. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज भर पावसाच्या रात्री येथून निसटले, तो मुलूख हाच. २०२१ च्या पावसात या रस्त्याचाही एक भाग खचला होता. वळणावर तिसऱ्या रांगेला जो झोला बसतो, तो पुढच्यांना कळत नाही. आपण थेट मागच्या चाकांवर बसलेलो असतो. नातवाला मळमळू लागले, त्याला पुढे आईच्या कुशीत दिले. मुलाने मुद्दाम एका चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलली. हँडब्रेक पक्का होता, क्लचला जळका वास नव्हता, तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. इंजिनाविषयी मला आता शंका उरली नाही. बोल्ट मात्र डोक्यातून जात नव्हते.

तीन दरवाजापाशी गाडी लावली. वारा सुटला होता. घरची भाकरी होती, पण तेथे आलेल्याने झुणका मागवायचा असतो. कांदा-लसूण न घालता करून द्या म्हटले, तर बाईंनी काही न विचारता तसा करून दिला. मडक्यातले दही, ठेचा, आणि खाली कोल्हापूरच्या बाजूला दूरवर उसाची हिरवळ. जेवण उरकल्यावर मी चटई काढण्यासाठी डिकी उघडली आणि तळाचा पत्रा उचलून जॅक ठेवतात तो खण पाहिला. कोपऱ्यात करड्या रंगाचा बारीक गाळ वाळून बसला होता. बोटाने चोळला तर पिठासारखा. रस्त्यावरची धूळ रवाळ असते. हा नदीचा गाळ होता, सांगलीच्या माणसाला तो ओळखावा लागत नाही. मग तिसऱ्या रांगेचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला. बेल्ट रोज हातभरच बाहेर येतो. उरलेली पट्टी गुंडाळीच्या आत, कोणी न धुतलेली, राहते. सुमारे पाऊण पट्टी बाहेर आल्यावर एक पिवळसर आडवी रेघ दिसली. तिच्या एका बाजूस पट्टी काळी आणि दुसऱ्या बाजूस मातकट.

मी मालकांना हाक मारली. ते वाकून बघत राहिले. त्यांनी गाडीच्या कप्प्यातून कागदांची फाईल काढली. त्यांनी गाडी २०२० मध्ये एका एजंटाकडून घेतली होती. "इस्लामपूरची, एकाच हाताची" असे सांगून त्याने दिली होती. फाईलच्या तळाशी २०१८-१९ ची विम्याची जुनी पॉलिसी होती. पहिल्या मालकाचा पत्ता गावभागातला, नदीकडच्या बाजूचा. पुढच्या वर्षीच्या पॉलिसीत नो क्लेम बोनस शून्य झालेला. म्हणजे त्या वर्षात दावा केला गेला होता. पत्ता, सवलत, गाळ आणि रेघ. चारही एकाच दिशेने बोट दाखवत होते.

"सर, मला हे खरेच ठाऊक नव्हते," ते म्हणाले. मला त्यांच्या बोलण्यावर विश्वास बसला. पाच वर्षे त्यांनी तीच गाडी बायकामुलांना घेऊन चालवली होती. मुलगा म्हणाला, "काका, पाच वर्षांत काही बिघडले नाही, म्हणजे बरेच सुदैव." पण पुराचा बिघाड तारीख सांगून येत नाही. वायरींच्या जोडांत शिरलेला ओलावा हिरवा गंज धरतो; एखाद्या पावसाळ्यात दिवे जातात, एखाद्या दिवशी एअरबॅगचा इशारादिवा पेटतो. आणि ती पिशवी ऐन वेळी फुगेल की नाही, हे आधी तपासून पाहण्याचा सोपा मार्ग घरगुती माणसाकडे नसतो. पावणेनऊ लाख ही रक्कम आमच्या दृष्टीने मोठी होतीच. पण आई आणि दोन मुले जेथे बसणार, तेथे मला सुदैवाच्या भरवशावर राहायचे नव्हते. आम्ही घेत नाही, असे मी तेथेच सांगितले.

ते बराच वेळ तटाच्या कडेला उभे राहिले. सोमवारी इचलकरंजीचे एक कुटुंब गाडी पाहायला येणार होते, हे आम्हांला सकाळीच त्यांनी सांगितले होते. सौदा लवकर करावा म्हणूनच सांगितले असावे. आता ती गोष्ट आम्हां दोघांच्याही मनात होती आणि मी ती काढणार नव्हतो. त्यांनी फोन लावला. वाऱ्यामुळे त्यांना मोठ्याने बोलावे लागत होते, त्यामुळे सर्व ऐकू आले. "गाडी पुरातली आहे. मला आजच समजले. तरी बघायची असेल तर या, किंमत त्याप्रमाणे धरू." पलीकडून काय उत्तर आले ते कळले नाही. फोन खिशात टाकून ते परत आले आणि म्हणाले, "चला, दिवेलागणीआधी घरी पोचले पाहिजे. आईंचे जेवण राहील."

उतरताना ते पुढे बसले नाहीत. मुलाला दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उतरवायला सांगून, मधले आसन दुमडून, ते माझ्याशेजारी तिसऱ्या रांगेत येऊन बसले. वाघबिळाच्या वळणावर म्हणाले, "पाच वर्षांत इथे एकदाही बसलो नव्हतो. पोरं तक्रार करायची ती खरीच."

गाडी आम्ही मार्चमध्ये घेतली, जतहून. आमच्याच जिल्ह्याचा पूर्व भाग, पण तेथे लोक पुरासाठी नव्हे तर पाण्याच्या टँकरसाठी डोळे लावून बसतात. सव्वानऊ लाख पडले. बँकेचा बोजा उतरवल्याचा पस्तीस नंबरचा फॉर्म आणि हस्तांतराचे एकोणतीस-तीस हे सगळे मुलाने करून घेतले. सीट बेल्ट मी सातही, एकेक करून, टोकापर्यंत ओढले. जॅकच्या खणात मूठभर तांबूस मुरुमाची धूळ होती. ती रवाळ होती.