फरक कोठे आहे?

गेल्या जुलैत एके सकाळी माझा जुना लॅपटॉप चालू होईना. यंत्र २०१२ सालचे. मी निवृत्त झालो तेव्हा ते फार मंदावले होते, म्हणून भाच्याने त्यात लिनक्स मिंट घालून दिले आणि त्यानंतर त्याने कधी तक्रारीस जागा ठेवली नाही. घरातील मंडळी त्याला ‘आजोबांची पेढी’ म्हणतात. त्या पेढीतील एकच ठेव माझ्या दृष्टीने मोलाची होती : माझ्या थोरल्या बंधूंच्या, दादांच्या, आवाजातील अकरा ध्वनिमुद्रणे. बार्शीच्या आमच्या धान्याच्या दुकानाची हकीकत ते सांगत आणि मी मुद्रित करून घेत असे. दादा दोन वर्षांपूर्वी गेले. त्या मुद्रणांची दुसरी प्रत मी केलेली नव्हती. आयुष्यभर खातेदारांकडून प्रत्येक कागदाच्या दोन-दोन प्रती मागणाऱ्या माणसाने हे लिहावे याची लाज वाटते; पण खरे ते खरे.

आदल्या रात्री नातवाने आपला पेन ड्राइव्ह त्या लॅपटॉपला लावला होता. त्यामुळे खटल्याचा निकाल सकाळच्या चहापूर्वीच लागला. “तू काय केलेस?” असे मी त्याला विचारले खरे, पण तो स्वर प्रश्नाचा नव्हता. काही न बोलता तो शाळेला निघून गेला.

दुरुस्तीच्या एका दुकानात दूरध्वनी केला. “फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा,” असे उत्तर आले. तिजोरी उघडत नाही म्हणून आतल्या नोटा जाळून रिकामी तिजोरी परत देण्यासारखा हा उपाय होता. मी फोन ठेवला आणि कोरी वही काढली.

मी नोकरीस लागलो तेव्हा शाखेत संगणक नव्हता. बचत खात्यांच्या लेजरांची बेरीज जनरल लेजरशी जुळवताना फरक राही आणि रात्रीचे नऊ वाजत. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर कोणीतरी ५४ च्या जागी ४५ लिहिले असावे, हा पहिला संशय. आमच्या तेव्हाच्या अधिकाऱ्यांचा दंडक कडक होता : फरक कोणत्या लेजरात आहे हे कळेपर्यंत कोणत्याही पानावर खाडाखोड करायची नाही.

लॅपटॉपचा दिवा लागत होता, पंखा फिरत होता, एफ टू कळ दाबताच सेटअपचा पडदा उघडत होता. घड्याळही बरोबर होते. म्हणजे बिघाड त्यापुढचा. लिनक्स सुरू होताना पडद्यावर नुसते बोधचिन्ह दिसते, कारण आतले संदेश झाकलेले असतात. ग्रबच्या यादीत जाऊन ‘क्वाएट स्प्लॅश’ हे दोन शब्द तात्पुरते काढले की ते संदेश ओळीने दिसू लागतात. मी यंत्र तीनदा सुरू केले आणि ते कोठे अडते ते वहीत टिपले. तिन्ही वेळा जागा निराळी! एकदा तर फाइल-व्यवस्थेत दोष आहे, एफएससीके ही आज्ञा चालवा, अशी सूचना आली. ‘होय’ म्हणण्यासाठी बोट कळेवर गेलेही होते. पण दंडक आठवला आणि हात मागे घेतला.

दुपारी दोन स्क्रू काढून हार्ड डिस्कच बाहेर काढली आणि मुलाच्या संगणकावर तयार केलेल्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले. तरीही पडदा गोठला. याचा अर्थ उघड होता. डिस्क तेथे नव्हतीच. तिच्यावरील लिनक्सही नव्हते आणि नातवाने त्यात काही केले असेल तर तेही नव्हते.

तो शाळेतून आल्यावर मी त्याला हे सांगितले आणि सकाळी चुकलो असेही सांगितले. हे दुसरे वाक्य म्हणायला मला बराच वेळ लागला. तो वहीत डोकावून म्हणाला, “मग डिस्क परत घालूच नका आजोबा, आधी रॅम बघू.”

पेन ड्राइव्हच्या सुरुवातीच्या यादीतच मेमटेस्ट होते. काही मिनिटांतच पडद्यावर तांबड्या ओळी उमटल्या. यंत्रात २ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. दोष पट्टीत की पट्टी बसते त्या खाचेत, हे ठरवण्यासाठी प्रत्येक पट्टी एकेकटी दोन्ही खाचांत तपासली. या कामाला दोन रात्री लागल्या. पहिली पट्टी दोन्ही खाचांत चुकली, दुसरी दोन्हींत निर्दोष निघाली. चुकणाऱ्या पट्टीचे सोनेरी टोक नातवाने खोडरबरने पुसून पाहिले. उपयोग झाला नाही.

तेव्हा कोठे त्या ‘होय’चे गांभीर्य माझ्या लक्षात आले. एफएससीके डिस्कवरील नोंदी वाचते, स्मृतीत ठेवते आणि दुरुस्त करून परत लिहिते. स्मृतीच खोटी असेल तर दुरुस्ती म्हणून चुकीच्याच नोंदी लिहिल्या गेल्या असत्या.

निर्दोष पट्टी एकटीच ठेवली, डिस्क जोडली. स्मार्टसीटीएलने डिस्कची प्रकृती पाहिली : वाचता न येणारे किंवा बदलून घेतलेले सेक्टर शून्य. मग डिस्क केवळ वाचण्यापुरती उघडून सगळे बाहेरच्या दोन डिस्कांवर उतरवले. एफएससीके त्यानंतर.

अकरांपैकी दहा मुद्रणे स्वच्छ आहेत. अकरावे, १९७२ च्या दुष्काळाचे, चौदाव्या मिनिटाला खरखरते आणि थांबते. महिन्यापूर्वी त्यातील खोकल्याचे आवाज काढून मी ते त्याच नावाने पुन्हा साठवले होते. पट्टी तेव्हाच बिघडलेली असावी. खोकला ठेवला असता तर दादांचे बोलणेही राहिले असते. “बापूंनी त्या वर्षी उधारीची वही काढली आणि...” एवढ्यावर ते तुटते.

गेल्या रविवारी वहिनींना ते ऐकवले. आवाज थांबताच त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “पुढचं मला ठाऊक आहे. फक्त हे सांगताना ते ज्वारीची पोती दरवेळी वाढवायचे.”

नातवाने फोन त्यांच्यासमोर ठेवला आणि विचारले, “पहिल्यांदा सांगितलं तेव्हा किती होती, आजी?”