खंजिरीचा ठोका जसाच्या तसा

रविवार, अकोला

अमरावतीच्या मामांनी गुरुकुंज मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी सोहळ्यात टेप केलेली खंजिरी भजनं कॉम्प्युटरवर घेते आहे. ही बाजारात मिळायची नाहीत. आहेत ती एवढीच.

खंजिरीच्या चकत्यांचा टोकदार आवाज कमी बिटरेटच्या एमपीथ्रीत गढूळ होतो. ठोक्याच्या आधीच पुसटशी सळसळ ऐकू येते. कानाला कळणार नाही असं धरून एमपीथ्री आवाजातलं बरंच काही टाकून देतं, आणि टाकलेलं परत येत नाही. त्या फाइलचं नंतर काहीही न टाकणाऱ्या फ्लॅक स्वरूपात रूपांतर केलं तर नुसता आकार वाढतो.

म्हणून रेकॉर्डिंग २४ बिट वेव्हमध्ये आणि साठवण फ्लॅकमध्ये. २००१ साली आलेलं हे खुलं, मोफत स्वरूप. फाइल पुष्कळ लहान होते, पण आवाजातलं काहीही जात नाही, म्हणजेच ते लॉसलेस. गायक, गाव, वर्ष आतच नोंदवता येतं. मला सगळ्यांत मोलाची वाटते ती आतली एमडीफाइव्ह खूण: डिस्कवर आवाज बिघडला तर तपासणीत लगेच कळतं. भाचीच्या आयफोनसाठी त्याच फ्लॅकवरून अ‍ॅपलचं अलॅक करून दिलं. लॉसलेसमधून लॉसलेसमध्ये जाताना काही सांडत नाही.

सुरेश भट अमरावतीचे, त्यामुळे गझलेच्या मैफलींच्या टेपही इकडे घरोघरी असणार. आपल्या वऱ्हाडातला ४५ अंशांचा उन्हाळा टेपला मानवत नाही. माळ्यावरच्या कॅसेट उन्हं तापायच्या आत खाली काढा, फ्लॅक करा, प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. मूळ कॅसेट मात्र टाकू नका.