ह्रादेचेकचें घर

चेक देशाची राजधानी प्राग सोडून ईशान्येस सुमारें दीडशें किलोमीटर गेलें म्हणजे त्रुत्नोव्ह नांवाचें गांव लागतें. तेथून आंत वळलें कीं कर्कोनोशे पर्वताच्या पायथ्याशीं, दाट झाडींत, ह्रादेचेक ही चारदोन घरांची वस्ती आहे. नांवाचा अर्थ ‘लहानगा किल्ला’. आणि खरोखरच वरच्या टेकडीवर एका जुन्या किल्ल्याचे पडके अवशेष आहेत. तेथें ना मोठें देऊळ, ना बाजारपेठ. परंतु ह्या वस्तींतील एका शेतघरांत जीं बोलणीं झालीं, त्यांचा धाक एका सबंध सरकारास वाटत असे.

हा मुलूख पूर्वीं जर्मन बोलणाऱ्यांचा. दुसरें महायुद्ध संपल्यावर त्यांना हांकलून देण्यांत आलें, घरें ओस पडलीं, आणि पुढें शहरांतील चेक कुटुंबांनीं त्यांतील पुष्कळशीं सुटीसाठीं घेतलीं. नाटककार वात्स्लाव्ह हावेल व त्यांच्या पत्नी ओल्गाबाई ह्यांनीं हें घर १९६७ सालीं विकत घेतलें. दुसऱ्याच वर्षीं, ऑगस्टांत, सोव्हिएट रणगाडे देशांत शिरले. त्यानंतरच्या राज्यकर्त्यांनीं प्रजेशीं जणूं न लिहिलेला करारच केला: राजकारणांत तोंड घालूं नका, मग शनिवार-रविवारीं खेड्यांतलें घर खुशाल शाकारा, बाग करा, रानांत अळंबीं वेंचा. लक्षावधि लोकांनीं तो मानला. त्यांना नांवें ठेवण्याचें धाडस मला होत नाहीं. मुलांचें शिक्षण आणि हातची नोकरी कोणास नको असते?

हावेल मंडळींनींहि घर शाकारलें आणि बाग केली. पण गप्प बसणें मात्र त्यांना साधलें नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत उन्हाळ्यांत लेखक मित्र येथें जमूं लागले. त्यांची पुस्तकें छापण्यास मनाई. म्हणून नवें लिखाण एकमेकांस वाचून दाखवावयाचें. त्यांतले एक, लुद्व्हीक वात्सुलीक, कार्बन कागद घालून टंकलेल्या पुस्तकांची एक माला चालवीत. तिच्या चेक नांवाचा अर्थ ‘कडी’, दाराची असते ती. यजमानांस स्वयंपाकाची हौस होती, आणि पाहुण्यांचा राबता मोठा. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें चित्र परकें वाटणार नाहीं: पंगत उठली तरी गोष्ट संपत नाहीं, आणि खरें बोलणें भांडीं आवरतांनाच निघतें.

१९७४ सालीं हावेल त्रुत्नोव्हच्या बियरच्या कारखान्यांत पिंपें लोटण्याच्या कामावर गेले. ह्या अनुभवावरून त्यांनीं ‘ऑडियन्स’ ही एकांकिका लिहिली, ती मुख्यतः उन्हाळ्यांतल्या मित्रमंडळास वाचून दाखविण्यासाठीं. तींत कारखान्याचा मुख्य आपल्या लेखक-मजुरास पेल्यामागून पेला पाजतो आणि शेवटीं पोटांतली गोष्ट ओठांवर आणतो: तुझ्यावर दर आठवड्यास पोलिसांकडे अहवाल द्यावा लागतो, मला तो सुचत नाहीं, तेव्हां तूंच लिहून दे! बदल्यांत ऊबदार कोठारांतली हलकी नोकरी. हा मनुष्य दुष्ट नाहीं, थकलेला आहे. म्हणून त्यास नकार देणें अधिक जड जातें. खेड्यांतल्या असंतुष्टांस खरी अडचण अशाच माणसांची पडे. उघड शत्रूस उत्तर देतां येतें. रोज नमस्कार करणाऱ्या शेजाऱ्यास काय द्यावें?

१९७७ च्या जानेवारींत ‘चार्टर ७७’ हें पत्रक निघालें आणि ह्या घराचें नशीब पालटलें. मार्चांत, लांबलेल्या चौकशांनंतर, वयोवृद्ध तत्त्वज्ञ यान पातोच्का इस्पितळांत वारले. तरी त्याच साली ऑक्टोबरांत बंदी असलेल्या गायकवादकांचा मेळा ह्रादेचेकला भरला. पुढल्या वर्षीं ऑगस्टांत चेक आणि पोलिश मंडळी पर्वताच्या शिखररेषेवर, सरहद्दीवरच, पर्यटक म्हणून भेटलीं. तेथील बोलण्यांतून दोन्ही देशांच्या लेखांचा एक संग्रह काढावा असें ठरलें, आणि त्यासाठीं हावेल ह्यांनीं ऑक्टोबर १९७८ मध्यें ‘दुर्बळांचें सामर्थ्य’ ह्या अर्थाच्या नांवाचा दीर्घ निबंध लिहिला. दुकानांत सरकारी घोषवाक्याची पाटी लावणारा भाजीवाला त्यांतलाच.

मग पोलिसांनीं घरासमोर टेहळणीसाठीं एक लांकडी खोपटें उभारलें. मित्रांनीं त्याचें नांव ‘लुनोखोद’ ठेवलें. चंद्रावर फिरणाऱ्या रशियन गाडीचें हें नांव. पाहुणे वाटेंतून परत पाठविले जात, यजमान बाजारास निघाले तरी मागें पहारा. भिंतींस कान असल्याच्या संशयानें नाजूक मजकूर कागदावर लिहून दाखवावयाची रीत त्या मंडळींत पडली होती. मला वाटतें, सर्वांत मोठी हानि हीच: पाहुणा दाराशीं येतो आणि गप्पांना बसतांच कागद शोधावा लागतो.

१९७९ च्या मे महिन्यांत हावेल ह्यांना अटक झाली आणि साडेचार वर्षांची शिक्षा ठोठावण्यांत आली. आजारीपणामुळें १९८३ च्या फेब्रुवारींत ते सुटले. तुरुंगांतून त्यांनीं ओल्गाबाईंस पाठविलेल्या पत्रांत गहन तत्त्वचिंतन आहे, परंतु तितकीच घरची विचारपूसहि आहे, आणि तुम्ही पुरेसें लिहीत नाहीं ही कुरकूर तर पुनःपुन्हा येते. ओल्गाबाई बोलण्यांत आणि लिहिण्यांत मितभाषी. पति राष्ट्राध्यक्ष झाला तो १९८९ च्या डिसेंबरांत. बाई १९९६ त वारल्या.

हावेल ह्यांनीं १८ डिसेंबर २०११ रोजीं ह्याच घरीं देह ठेविला. किल्ल्याकडे चढून जाणाऱ्या वाटसरूनें घर लांबूनच पाहावें हें बरें. कुंपणावरून डोकावणारे लोक ह्या घरानें पुष्कळ सोसले आहेत.