बसलेल्या स्प्रिंगा आणि घराचा हिशेब

व्यापाऱ्याच्या घरी केवळ जुनी झाली म्हणून वस्तू टाकली जात नाही आणि केवळ जुनी आहे म्हणून सांभाळलीही जात नाही. तिचा अद्याप किती उपयोग आहे, त्या उपयोगासाठी किती खर्च येईल आणि त्या खर्चात कोणाची सुरक्षितता गुंतली आहे, असे तीन प्रश्न विचारले जातात. पहिल्या दोहोंची उत्तरे पेढीवरच मिळतात. तिसरा प्रश्न बहुधा घरातील एखाद्या कमी बोलणाऱ्या माणसामुळे पुढे येतो.

नांदगावच्या एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी 2007 साली टाटांची इंडिगो मरीना आली. लांब छताची, डिकीपर्यंत एकसलग जागा असलेली ही मोटार. भारतात या प्रकारच्या मोटारींना मोठा ग्राहकवर्ग कधीच लाभला नाही. 1992 ची टाटा इस्टेट, मारुतीची बलेनो अल्टुरा आणि 2004 मध्ये आलेली मरीना या साऱ्याच कालांतराने बंद झाल्या. व्यापारी कुटुंबाला मात्र हा आकार मानवला. सकाळी मनमाड किंवा मालेगावहून मालाची खोकी आणावीत आणि सायंकाळी त्याच गाडीत घरच्या मंडळींना लग्नकार्याला न्यावे, अशी दुहेरी सोय तिने वर्षानुवर्षे दिली.

2022 मध्ये नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण झाली. तपासणी होऊन पुढील पाच वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण झाले. इंजिन निरोगी होते, पत्रा शाबूत होता. पण गाडी मागून खाली बसली होती. गतिरोधकावर चाक उतरले की मागे धाडकन आवाज होई आणि त्यानंतर गाडी दोन-तीन वेळा हेलकावत राही. याच सुमारास घरातल्या आजींनी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, बाहेरगावी जाणे हळूहळू थांबवले. मालेगाव, सटाणा, ताहाराबाद या मार्गाने मांगी-तुंगीच्या पायथ्याला जाण्याचा त्यांचा वार्षिक नेम होता. त्या वर्षी त्यांनी गुडघ्याचे कारण सांगितले. पुढच्या वर्षीही तेच सांगितले. शेवटी सुनेच्या ध्यानात आले की गुडघा जिना चढताना दुखत नव्हता. दुखत होती ती पाठ, आणि तीही मोटारीतून उतरल्यावर.

मग घरात तीन मते झाली. धाकट्या मुलाचे म्हणणे, गाडी विकून नवी घ्यावी. थोरल्याचे म्हणणे, मागे अधिक कडक स्प्रिंगा बसवाव्यात, म्हणजे पोती घातली तरी गाडी बसणार नाही. बाबूजींना दोन्ही खर्च अनावश्यक वाटत होते. स्प्रिंगेच्या वेढ्यांमध्ये बसवायचे रबराचे बफर बाजारात मिळतात, गाडी लगेच उंच दिसते आणि खर्चही अल्प, असे त्यांना कोणी सांगितले होते.

गावातल्या जुन्या मिस्त्रींनी तिन्ही मते ऐकून घेतली आणि म्हणाले, "बाबूजी, आधी कोणता भाग काय काम करतो ते पाहू, मग खर्चाचं बोलू."

मोटारीचे वजन स्प्रिंग पेलते. स्प्रिंगेची उसळी आवरण्याचे काम शॉकॲब्सॉर्बरचे. त्याच्या नळीत तेल असते. दट्ट्या खालीवर होताना ते तेल बारीक छिद्रांतून जाते आणि उसळीची शक्ती उष्णतेत विरून जाते. स्ट्रट म्हणजे हाच शॉकॲब्सॉर्बर, पण चाकाला आधार देण्याची जबाबदारीही त्याच्यावर असते आणि स्प्रिंग त्याच्याभोवतीच बसवलेली असते. अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन यांनी 1940 च्या दशकात ही रचना आखली आणि फोर्डच्या मोटारींतून ती जगभर पसरली. मरीनाच्या पुढच्या चाकांना आणि मागच्याही चाकांना स्ट्रटच आहेत.

यावरून निदानाचे दोन भाग पडतात. गाडी उभी असतानाच खाली बसलेली दिसली तर दोष स्प्रिंगेचा. नवा शॉकॲब्सॉर्बर घालून तिची उंची परत येत नाही. गाडी हेलकावे खात असेल, ब्रेक दाबताच नाक खाली घालत असेल, स्ट्रटवर तेल ओघळले असेल किंवा टायर जागोजाग खड्डे पडल्यासारखे झिजले असतील, तर शॉकॲब्सॉर्बर संपला. मिस्त्रींनी सपाट फरशीवर गाडी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचे अंतर टेपने मोजले. मागे उजवीकडे ते डावीकडच्यापेक्षा कमी भरले, आणि मागचे दोन्ही स्ट्रट तेलाने माखलेले निघाले. दोष दोन्हीकडे होता.

बफराचा प्रश्न तेथेच निकालात निघाला. रबर घातल्याने स्प्रिंगेचे एक-दोन वेढे अडतात आणि उरलेल्या वेढ्यांना सारे काम करावे लागते. गाडी उंच होते, पण ताठही होते. थकलेल्या पोलादावरचा ताण एका जागी वाढतो आणि गळका स्ट्रट गळकाच राहतो. उंची परत आल्याचा भास होतो, आजींच्या पाठीला मात्र जास्तच हिसके बसतात.

थोरल्याच्या कडक स्प्रिंगांचा विचार अधिक गांभीर्याने व्हायला हवा होता, कारण त्यामागे धंद्याची खरी गरज होती. पण स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर ही जोडी असते. स्प्रिंग कडक केली आणि तिला आवरणारा स्ट्रट मूळ ताकदीचाच राहिला, तर रिकामी गाडी खड्ड्यावर उडते. चाक रस्त्यापासून क्षणभर जरी सुटले, तरी त्या क्षणी ब्रेकचा उपयोग नसतो. चाळीसगावच्या पुढे कन्नडचा घाट उतरताना या एका क्षणाला किती किंमत आहे, हे त्या रस्त्याने वेरूळकडे गेलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. शिवाय गाडी महिन्यातून किती दिवस खरोखर भारलेली असते, याची नोंद पेढीच्या वहीत होतीच. असे दिवस चार-पाचच निघाले. चार दिवसांच्या पोत्यांसाठी उरलेले सव्वीस दिवस माणसांना हिसके द्यायचे का, असा प्रश्न बाबूजींनी थोरल्याला विचारला. त्याचे उत्तर थोरल्याने स्वतःच दिले. जड माल यापुढे टेम्पोने येईल.

राहिला धाकट्याचा प्रश्न, आणि तो हिशेबाने सुटला. आयकराच्या पद्धतीप्रमाणे घटत्या किमतीवर 15 टक्के घसारा धरला, तर पाच लाखांच्या मोटारीची पुस्तकी किंमत पंधरा वर्षांनी सुमारे 43,700 रुपये उरते. चारही स्ट्रट, चारही स्प्रिंगा, वरचे माउंट, मजुरी आणि अलाइनमेंट मिळून मिस्त्रींचा अंदाज 24,000 रुपयांचा होता. पुस्तकी किमतीशी तुलना केली तर हा खर्च डोळ्यांत खुपतो. पण पुस्तकी किंमत गेलेल्या काळाची असते आणि दुरुस्तीचा खर्च येणाऱ्या काळासाठी होतो. नूतनीकरणाची पाच वर्षे म्हणजे 60 महिने, अर्थात महिन्याला 400 रुपये. नव्या गाडीच्या कर्जाचे नुसते व्याजही याच्या कितीतरी पुढे गेले असते.

खरेदीला थोरला स्वतः नाशिकला गेला. शॉकॲब्सॉर्बर बनवणाऱ्या गॅब्रिएल इंडिया या 1961 पासूनच्या कंपनीचे कारखाने नाशिक आणि चाकण येथे आहेत. तेव्हा अस्सल माल आपल्या जिल्ह्यात दुर्मीळ नाही. अडचण वेगळीच असते. बंद झालेल्या गाडीचा भाग मागितला की दुकानदार त्याच नावाच्या दुसऱ्या गाडीचा भाग पुढे करतो आणि "चालून जाईल" म्हणतो. साधी इंडिगो आणि लांब मरीना यांच्या मागच्या भागावरचे वजन सारखे नसते, तसेच डिझेल आणि पेट्रोल इंजिनांचे वजनही सारखे नसते. म्हणून मिस्त्रींनी चासी क्रमांक लिहून दिला होता आणि त्यावरून भागाचा क्रमांक जुळल्याखेरीज पैसे देऊ नयेत, असे बजावले होते. पक्के बिल, सीलबंद खोके आणि वॉरंटीचा कागद या तीन गोष्टी मिळाल्यावरच व्यवहार झाला. स्ट्रट नायट्रोजन वायू भरलेले घेतले. वायूच्या दाबामुळे तेलाला फेस येत नाही आणि लांबच्या खराब रस्त्यावरही पकड टिकते.

बसवताना दोन पथ्ये पाळली गेली. स्ट्रट आणि स्प्रिंगा नेहमी जोडीने, डावी-उजवी एकदमच बदलल्या. आणि दाबलेली स्प्रिंग सोडवण्याचे काम योग्य शिकंजा लावूनच केले. तिच्यात कोंडलेली शक्ती प्राणघातक असते, घरच्या घरी हा प्रयोग कोणी करू नये. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच अखेरचे आवळले, आणि त्याच दिवशी अलाइनमेंट करून घेतले.

दुरुस्तीनंतर थोरल्याने चारही चाकांवरची उंची पुन्हा मोजून, तारीख आणि किलोमीटरसह पेढीच्या वहीत लिहिली. दर सहा महिन्यांनी मोजायचे, असे ठरले. त्या वर्षी पर्युषणानंतर आजी मांगी-तुंगीला जाऊन आल्या. परतल्यावर त्यांनी गाडीचे कौतुक केले नाही, गुडघ्याचे कारणही सांगितले नाही. पुढच्या खेपेस गजपंथालाही जाऊ या, एवढेच म्हणाल्या.