मटसाठी तीन ओळी

वाचनालयाचा पत्रव्यवहार माझ्याकडे आला, तेव्हा सोबत एक जुना लॅपटॉपही आला. त्यावर ब्राउझरमधून मेल उघडेपर्यंत चहा उकळून होई. पुण्यातला भाचा फोनवर म्हणाला, "मामा, लिनक्स तं हायेच त्याच्यात. मट टाका. नुसतं अक्षरांचं आहे, उडत चालते." मट हा मायकल एल्किन्स यांनी १९९५ मध्ये लिहिलेला मेल प्रोग्राम. चित्र नाही, बटणं नाहीत. सगळा कारभार कीबोर्डवर.

उघडलं, तर मराठी पत्रांच्या विषयाच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा. मला वाटलं पत्रंच बिघडली. दोघांना ती पुन्हा पाठवायला लावली. पुन्हा प्रश्नचिन्हंच.

भाच्यानं दोन आज्ञा टाइप करायला सांगितल्या. एकीनं यंत्राची भाषा कळली. ती साध्या इंग्रजी अक्षरांपुरतीच होती. दुसरीनं टर्मिनलचं नाव कळलं.

"काहून रे, टर्मिनललेही नाव असते?"

"असते ना मामा. जुन्या काळी टर्मिनल म्हणजे खरोखरचं यंत्र होतं, १९७८ चं व्हीटी१०० पाहा. कोणत्या यंत्राले रंग येतात, कोणती कळ काय पाठवते, ते नावावरून कळते."

हे नाव 'टर्म' नावाच्या एका चलात असतं आणि त्याची माहिती 'टर्मइन्फो' या संग्रहात. मटला रंग हवेत म्हणून मी आज्ञा घेणाऱ्या बॅश या शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्येच नाव कायमचं लिहून टाकलं. रंग आले. पण कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून साध्या काळ्या पडद्यावर गेलो, तर होम आणि एंड कळा काम करेनात. तो पडदा वेगळा, त्याच्या कळांचे संकेत वेगळे, आणि मी त्यालाही तेच नाव चिकटवलं होतं.

मूर्तिजापूरच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. मुंबई-हावडा मार्गाचे रूळ १६७६ मिलिमीटरचे, शकुंतला या छोट्या गाडीचे ७६२ चे. ती धावत होती तेव्हा यवतमाळला किंवा अचलपूरला जाणारा इथे उतरून गाडी बदलायचा. त्याच्यासाठी कोणी मोठे रूळ उखडत नसे.

मग बॅशमधली ती ओळ खोडली आणि फक्त मटसाठी छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली. पहिल्या ओळीत शेलचा पत्ता. दुसऱ्या ओळीत अक्षरांची भाषा मराठी, यूटीएफ-८. ती आधी यंत्रात तयार करून घ्यावी लागली. तिसरी ओळ एमएलटर्म हे टर्मिनल उघडते, शंभर स्तंभ, पस्तीस ओळी, मोठा टाइप, आणि त्यात मट चालू करते. टर्मिनलचं नाव एमएलटर्म स्वतःच सांगतं. एमएलटर्म निवडलं ते वेलांटीसाठी. आधीच्या खिडकीत 'निविदा' मधली पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची, जोडाक्षरं सुटी पडायची.

पहिल्याच प्रयत्नात खिडकीवर खिडकी उघडत गेली, थांबेच ना. शेवटी बॅटरी काढली. स्क्रिप्टचं नाव मी 'मट' ठेवलं होतं आणि आतही नुसतंच 'मट' लिहिलं होतं. ती स्वतःलाच हाक मारत बसली. आत खऱ्या मटचा पूर्ण पत्ता लिहिला आणि थांबलं. ओळीच्या शेवटी अवतरणचिन्हांत डॉलर आणि अ‍ॅटची जोडीही लागते. ती नसेल तर आज्ञेसोबत लिहिलेला मेलचा पत्ता मटपर्यंत पोचतच नाही, हे समजायला मला अख्खी संध्याकाळ लागली.

आता वाचनालयाचं टपाल त्याच लॅपटॉपवर उघडतं, वेलांट्या जागच्या जागी असतात आणि काळ्या पडद्यावर होम-एंड चालतात. आम्हाला पत्र लिहाल तर मराठीतच लिहा. ते नीट वाचता येतं.