ट्रक मध्ये आला

इंदूरहून शिरपूरला जायचं असेल, तर सकाळी सहाच्या आत निघा. पोहे-जिलबीचा मोह होईल, पण तो पुढे धामनोदलाही भागतो. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. रस्ता चौपदरी आहे, आणि गाडी नवी असली तर ती आपोआप शंभरावर जाते. तिला जाऊ देऊ नका, एवढं आधीच सांगून ठेवतो. का ते वाटेत कळेल.

वाटेचा भूगोल सोपा आहे. माळव्याच्या पठारावर चालायला लागायचं, मानपूरच्या पुढे विंध्य उतरायचा, म्हणजे निमाड लागतं. निमाडात नर्मदा. सेंधव्याच्या पुढे सातपुडा उतरला, की खानदेश. हा जुना आग्रा रोड. होळकरांच्या काळापासून मराठी माणसं या दिशेने ये-जा करत आली, इकडच्या मुली तिकडे दिल्या गेल्या, तिकडच्या इकडे आल्या. इंदूर–मनमाड रेल्वेमार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली ती २०२४च्या सप्टेंबरात. रुळांवरून गाडी धावेपर्यंत लग्न, मुंज, दिवाळी, दहावा-तेरावा, सगळं या रस्त्यावरूनच.

माझी आत्या शिरपूरला दिलेली. त्यामुळे हा रस्ता मला वडिलांच्या मांडीवर बसल्यापासून पाठ. आमच्या घरात त्याचं एक रेकॉर्डही होतं. काका चार तासांत पोहोचायचे. मी ते तीन तास पाच मिनिटांवर आणलं होतं आणि घरी पोहोचल्यावर चपला काढायच्या आधी ते सांगायचो. तुमच्याही घरात असा कोणी असेल. पुणे-कोल्हापूर अमुक तासांत, बडोदा-मुंबई तमुक तासांत. लोक कौतुक करतात. मलाही करायचे.

मानपूर सोडलं की गणेश घाट लागतो. हा उतार इथल्या लोकांना भलत्याच कारणासाठी माहीत आहे. खाली सुटलेले ट्रक दुभाजक ओलांडून समोरून येणाऱ्या गाड्यांवर जाऊन आदळायचे. इतक्या वेळा, की शेवटी घाटात नवा पर्यायी रस्ता बांधावा लागला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कारण दोन शब्दांत असायचं: ब्रेक फेल.

घाटाखालच्या एका ढाब्यावर मी एकदा एका म्हाताऱ्या ट्रक ड्रायव्हरला या दोन शब्दांचा अर्थ विचारला. तो हसला. ‘‘ब्रेक फेल होत नाही, करतात,’’ म्हणाला. मग त्याने बशीतला चहा संपेपर्यंत जे सांगितलं ते असं. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. खालच्या गिअरमध्ये उतरलं तर इंजिनच गाडीला धरून ठेवतं. पण डिझेल वाचवायला कोणी गाडी न्यूट्रल केली, की सगळं वजन ब्रेकवर येतं. पाय ब्रेकवरून निघत नाही. ड्रम तापतात, लायनरची पकड सुटते, वास येतो, धूर येतो. दर दाबाला हवा खर्च होते आणि मंद चाललेलं इंजिन ती तेवढ्या वेगाने भरून देत नाही. खालच्या वळणावर जे ‘फेल’ होतं, त्याचा निर्णय वर, घाटमाथ्यावर झालेला असतो. ‘‘जिस गिअर में चढ़ना, उसी में उतरना,’’ हे त्याच्या उस्तादाने त्याला क्लीनर असताना शिकवलं होतं.

सगळं ड्रायव्हरच्या माथी मारू नका. क्षमतेपेक्षा जास्त माल भरणारा आणि पोहोचायची वेळ ठरवून देणारा, हे दोघं उतारावर त्याच्या शेजारी बसलेले नसतात. आणि आपणही आहोतच. ट्रक पुढच्या गाडीपासून अंतर राखून हळू उतरत असतो. ती रिकामी जागा आपल्याला आपल्यासाठीच ठेवलीय असं वाटतं. आपण तिच्यात घुसतो. त्याला पुन्हा ब्रेक दाबावा लागतो. ड्रम आणखी थोडा तापतो. आपण तोवर पुढे निघून गेलेलो असतो.

धामनोदला थांबा. इथून महेश्वर जवळ आहे. वेळ असेल तर अहिल्याबाईंचा घाट पाहून या, नसेल तर खलघाटला पुलाच्या अलीकडे गाडी नीट बाजूला लावून नर्मदा बघा. पावसाळ्यात पाणी तांबूस आणि प्रचंड असतं. १८ जुलै २०२२च्या सकाळी इंदूरहून अमळनेरला निघालेली एसटी याच ठिकाणी कठडा तोडून नदीत पडली. बारा मृतदेह मिळाले, चालक आणि वाहक त्यातच. त्या दिवशी इंदूर ते अमळनेर किती घरांतले फोन वाजत होते, ते मला माहीत आहे, कारण आमचाही वाजत होता. आमचं कोणी त्या गाडीत नव्हतं. तरी पुलावर आलो, की गाडीतलं बोलणं आपोआप थांबतं.

त्याच वर्षी देशभरात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. हा केंद्र सरकारच्या अहवालातला आकडा आहे. दर तासाला १९. त्यातल्या दर दहांतल्या सातांहून अधिक मृत्यूंपुढे कारण म्हणून अतिवेग लिहिला आहे. अपघातांच्या संख्येत तमिळनाडूच्या खालोखाल आमचा मध्य प्रदेश. असे आकडे वाचून माणूस मान हलवतो आणि गाडी सुरू करतो. मीही तेच करायचो.

नर्मदा ओलांडली, की ठीकरी ते जुलवानिया हा सपाट पट्टा लागतो. खरं तर घाटापेक्षा मला हाच फसवा वाटतो. दोन्हीकडे कापूस, रस्ता सरळ, झोप येण्याजोगा. इथे विरुद्ध दिशेने येणारी मोटारसायकल असते, कारण शेताकडे वळायला पुढच्या फटीपर्यंत जायचा कोणाला कंटाळा येतो. मागे दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली असते. पंक्चर झालेला ट्रक असतो आणि त्याच्या मागे खूण म्हणून चार दगड आणि एक झाडाची फांदी. ताशी १००ने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. फांदी दिसली, मेंदूला कळली, पाय ब्रेकवर गेला, एवढ्यातच ते २८ मीटर संपतात. ब्रेक त्यानंतर लागायला सुरुवात होते. आणि पन्नास किलोमीटरचा टप्पा ८०ऐवजी १००ने काढून वाचतं काय? साडेसात मिनिटं. हा हिशेब मी शाळेतल्या मुलासारखा कागदावर मांडून पाहिला आहे. नंतर.

सेंधवा आलं, की किल्ल्याची तटबंदी दिसते. एके काळी कापसाच्या जिनिंगचं हे मोठं गाव. इथे चहा घ्या, गाडी थंड होऊ द्या. पुढे बिजासनचा घाट आणि घाटात बिजासन मातेचं मंदिर. ट्रकवाले इथे थांबून हात जोडतात. काही उतरून टायरवर लाथ मारून बघतात, चाकाला हात लावून किती तापलंय ते बघतात. मला हा भक्तीचा प्रकार फार पटतो.

मंदिराच्या पुढे एक डावं वळण आहे. तिथे मी आता नेहमी सगळ्यात डावीकडून, तिसऱ्या गिअरमध्ये उतरतो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू दे.

२०१७ साली, दिवाळीनंतर, वडिलांच्या पंचाहत्तरीला आलेल्या आत्याला मी घरी सोडायला निघालो होतो. शेजारी बायको, मागे आत्या आणि तिच्या फराळाच्या पिशव्या. मला त्याच रात्री इंदूरला परतायचं होतं, सकाळी दहाला मीटिंग होती. निघतानाच आत्या मागच्या सीटवर चाचपडत होती. पट्टा हातात आला होता, पण तो जिथे अडकवायचा ते कुलूप नव्या सीटकव्हरखाली गेलेलं. मीच म्हणालो, ‘‘राहू दे आत्या, मागे लागत नाही.’’

या वळणाच्या वर दोन ट्रक होते. उजवीकडचा डावीकडच्याला ओलांडत होता, हत्तीच्या चालीने. मी मागून डिपर देत होतो, हॉर्न देत होतो. उजवा ट्रक पुढे सरकला, डावीकडे जागा झाली, आणि ती जागा मी घ्यायला गेलो. डावीकडून. ट्रकने ओव्हरटेक पुरा केला होता, तो नियमाप्रमाणे आपल्या लेनमध्ये परत येत होता. त्याला मी दिसण्याचा प्रश्नच नव्हता. मी ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि डोंगराकडच्या गटारात जाऊन आपटली. आम्हा दोघांना पट्टे होते, एअरबॅग उघडल्या. आत्या पुढच्या दोन सीटच्या मधे येऊन पडली होती. लाडू सगळीकडे.

तो ट्रक गेला. मागचा थांबला. त्याच्या क्लीनरने, अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा असेल, मला आत्याला ओढू दिलं नाही. ‘‘कमर मत मोड़ो,’’ एवढंच ओरडत होता. फळकूट काढलं, तिच्यावर आपली चादर टाकली, गाडी थांबवली, हॉस्पिटलपर्यंत सोबत आला. पोलिसांचं काय होईल याची भीती त्याच्या तोंडावर दिसत होती, तरी आला. मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये, नाव सांगायचीही सक्ती करू नये, ही सर्वोच्च न्यायालयाची मार्गदर्शक तत्त्वं २०१६मध्येच लागू झाली होती. २०१९पासून तर मोटार वाहन कायद्यात तसं कलमच आहे. त्याला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, नाहीतर मी तरी सांगितलं असतं. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. चादर आमच्याकडेच राहिली.

खुब्याचं हाड मोडलं होतं, कमरेचा मणका दबला होता. कागदावर लिहिलं गेलं, अज्ञात ट्रकने कट मारला. ते मीच सांगितलं होतं. फोनवर सगळ्यांना सांगितलं, ट्रक मध्ये आला. भेटायला येणारे म्हणायचे, हे ट्रकवाले म्हणजे ना! मी मान हलवायचो. आत्याही म्हणायची, ‘‘ट्रक मध्ये आला हो, याचा काय दोष.’’ ती मागच्या सीटवरून समोर बघत होती. तिने सगळं पाहिलं होतं.

ती त्यानंतर सहा वर्षं होती, वॉकर धरून. आत्याचे बिबडे आमच्या सगळ्या खानदानात वाटले जायचे. ज्वारीचं पीठ शिजवून, पहाटे गच्चीवर थापून वाळवायचे. गच्चीचा जिना तेव्हापासून बंद झाला. पहिल्या उन्हाळ्यात वहिनीने अंगणात घातले, आत्याने खुर्चीतून सूचना दिल्या, दोघींची भांडणं झाली. दुसऱ्या उन्हाळ्यात विकत आणले. इंदूरला ती पुन्हा आली नाही. वडील गेले तेव्हासुद्धा, चार तास गाडीत बसणं तिला शक्य नव्हतं.

२०२२च्या सप्टेंबरात पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. ते मागच्या सीटवर होते, पट्टा न लावता. दोन-तीन दिवस टीव्हीवर तेच चाललं होतं. मागच्या सीटचा पट्टा कायद्याने पहिल्यापासून सक्तीचा आहे, हे तज्ज्ञ पुन्हा पुन्हा सांगत होते. मी नेमका शिरपूरला होतो, आत्याच्या शेजारी. पडद्यावर गाडी दाखवली, मागची सीट दाखवली. आत्याने माझ्याकडे न बघता रिमोट घेतला आणि सिरीयल लावली.

ती गेल्यावर, तेराव्याला, सगळे जमले असताना मी आतेभावाला गच्चीवर नेऊन सांगितलं, की ट्रक मध्ये आला नव्हता, मी डावीकडून घुसलो होतो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘आईने मला दवाखान्यातच सांगितलं होतं.’’ सहा वर्षं तो माझ्याशी तसाच वागत आला होता, दर दिवाळीला फोन, दर उन्हाळ्यात आंबे. मी अजूनही त्याचा चेहरा नीट आठवू शकत नाही, कारण मी खाली बघत होतो.

चला, घाट उतरला. पलासनेर आलं, महाराष्ट्र लागला. इथे हळूच चला. ४ जुलै २०२३ला खडीने भरलेला एक कंटेनर हा उतार उतरून आला आणि वाटेतल्या गाड्यांना उडवत बसथांब्याजवळच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली. बसची वाट बघत उभे असलेले, चहा प्यायला बसलेले. पेपरात तेच दोन शब्द होते. आता तिथून जाताना थांब्यावर दप्तरं घेतलेली मुलं दिसतात. ती मुलं उताराकडे पाठ करून उभी असतात, बस त्याच बाजूने येते तरी.

पुढे शिरपूरपर्यंत रस्ता मोकळा आहे. मला आता एकूण पाच तास लागतात, कधी त्याहून थोडे जास्त. निघण्याआधी मागची सीटकव्हरं कापून पट्ट्यांची कुलपं वर काढलेली आहेत का ते बघतो. मुलगी म्हणते, बाबा, ती तर कधीच कापलीत. तरी बघतो.

परवा पोहोचलो तेव्हा वहिनी दारातच उभ्या होत्या. ‘‘किती उशीर! भरीत गार झालं,’’ म्हणाल्या. ‘‘कितीला निघाला होतात?’’

‘‘सहाला,’’ मी म्हटलं आणि चपला काढल्या.