वाढतें माप

आमच्या घरांत कपडे वाढत्या अंगाचे शिवण्याची चाल फार जुनी आहे. आमचे वडील, आम्ही व आमचे धाकटे बंधु असे सर्वजण लहानपणीं बाह्या दुमडूनच वाढलों. मुलगा वाढेल, कपडा वाढणार नाहीं. सबब एकाच किंमतींत मोठें मिळत असतां लहान घेणें हा अपव्यय, असा तो साधा हिशेब. चपला, छत्र्या, सायकली, सर्व कांहीं आम्हीं याच हिशेबानें घेतलें आणि त्यांत फारसें बिघडलेंही नाहीं. या हिशेबापायीं एकदां मात्र आमच्या पुतण्याचा गुडघा दुखावला. ती हकीकत येथें सांगावयाची आहे; आणि ती सांगतांना 'स्की' नांवाच्या वस्तूचें माप कसें ठरवितात हेंही सांगणें प्राप्त आहे, कारण तें माप न समजतां आम्हीं निर्णय दिला.

स्की म्हणजे काय हें बहुतेक वाचकांनीं चित्रपटांत तरी पाहिलें असेल. बुटांस जखडलेल्या दोन लांब फळ्या. शेंडा वर वळलेला, तळ गुळगुळीत, दोन्ही बाजूंस पोलादी कडा. त्यांवर उभें राहून माणूस बर्फाच्या उतारावरून घसरत येतो. आम्हीं या वस्तूस 'हिमपादुका' असें नांव देऊन पाहिलें. घरांतील मुलांनीं तें आदरानें ऐकून घेतलें आणि पुनः स्कीच म्हणूं लागलीं. आम्हीही येथें तसेंच म्हणूं.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा सत्तावीस वर्षांचा असून पुण्यास इंजिनियर आहे. चार वर्षांपूर्वीं तो काश्मिरांत गुलमर्ग येथें ही विद्या शिकण्यास गेला आणि तेव्हांपासून दर हिवाळ्यास तिकडे जाऊं लागला. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारें २,६५० मीटर उंचीवर आहे. त्याचें पूर्वीचें नांव गौरीमार्ग असें सांगतात, म्हणून आमचा त्या गांवाकडे आधींपासूनच ओढा. इंग्रजांनीं १९२७ सालीं तेथें स्की क्लब काढला होता. पुढें दोरावरून चालणारे पाळणे झाले. ते १९९८ पासून कोंगडोरीपर्यंत व २००५ पासून अफरवट पर्वताच्या खांद्यापर्यंत, म्हणजे सुमारें ३,९५० मीटरपर्यंत माणसांस नेऊं लागले. तेथून खालीं येण्यास यंत्रानें दाबून केलेली वाट नाहीं. जसें पडलें तसें, ताजें, भुसभुशीत, कधीं गुडघाभर तर कधीं मांडीभर हिम. त्यास हे लोक 'पावडर' म्हणतात. अशा हिमांत साधी स्की बुडते. त्यासाठीं रुंद स्की लागते.

दोन वर्षांपूर्वीं एका रविवारीं जेवणें झाल्यावर पुतण्या आम्हांपाशीं येऊन बसला. म्हणाला, "अण्णा, भाड्याची जोडी दर वेळीं निराळी मिळते. आतां स्वतःची घ्यावी म्हणतों." त्याचा एक मित्र ऑस्ट्रियांत नोकरीस आहे. तेथील एका दुकानांत हंगामाच्या अखेरीस दोन जोड्या उरल्या होत्या. एक १७८ सेंटिमीटर लांब व बुटाखालीं १०८ मिलिमीटर रुंद. दुसरी १९१ लांब व १२२ रुंद. दुसरीस गिऱ्हाईक नव्हतें, म्हणून तिची किंमत जवळजवळ एक तृतीयांशानें कमी होती.

आम्ही म्हणालों, "अरे, वस्तु मोठी आणि दाम कमी. मग विचार कसला करतोस?"

तो म्हणाला, "माझ्या वजनाला ती जरा मोठी होईल, अण्णा."

"मोठी वस्तु सांभाळावयास शिकावें," असें आम्हीं उत्तर दिलें. हें वाक्य आम्हीं वर्गांत अनेक वेळां उच्चारलें असेल. तो गप्प बसला. संस्कृतांत 'प्रमाण' या एकाच शब्दाचे माप आणि मान्य केलेला आधार असे दोन्ही अर्थ होतात. आमच्या घरांत थोरांचा शब्द प्रमाण मानितात; माप मात्र त्या दिवशीं कोणीच केलें नाहीं.

फेब्रुवारींत तो नवी जोडी घेऊन गेला. पहिले तीन दिवस वरच्या मोकळ्या उतारांवर फार आनंदांत गेले असें त्यानें कळविलें. आम्हीं तो निरोप सौभाग्यवतींस दोनदां वाचून दाखविला. पांचव्या दिवशीं निरोप आला कीं, पाय मुरगळला आहे, काळजी नसावी. विमानतळावर तो चाकांच्या खुर्चींतून बाहेर आला. गुडघ्यांतील अस्थिबंध ताणला गेला होता. तीन महिने पट्टा, त्यानंतर व्यायाम. शस्त्रक्रिया लागली नाहीं हें दैव. कसें झालें म्हणून विचारलें तर म्हणाला, "घसरलों. त्यांत होतेंच तें." घरांत सर्वांनीं तें खरें धरिलें, आणि आम्हींही धरिलें.

सुमारें एक महिन्यानें त्याची धाकटी बहीण आम्हांस औषधाचें पाणी देतांना हळूच म्हणाली, "अण्णा, दादा तुम्हांला सांगणार नाहीं. पण ती जोडी त्याला मोठी होती. डॉक्टरांना सांगितलंय त्यानें, घरांत कुणाला नाहीं." एवढें बोलून ती आंत गेली.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. मुलगा पडला याचें दुःख होतेंच. परंतु आमचा मान राखण्यासाठीं त्यानें आमची चूक स्वतःच्या पायावर घेतली व ती आईबापांपासूनही लपविली, हें अधिक लागलें. सकाळीं आम्ही वही व पेन्सिल घेऊन त्याच्या खाटेपाशीं जाऊन बसलों आणि म्हणालों, "आम्हांला सर्व समजलें आहे. आतां हें माप कसें ठरवितात तें शिकव." तो प्रथम फार संकोचला. चौतीस वर्षें शिकविलेल्या माणसाला शिकविणें कठीण जातें, हें आम्ही जाणतों.

त्यानें आमच्या सौभाग्यवतींकडून पिठाची परात मागविली. पिठावर सुरी कडेवर टेकवून दाबली, ती बुडाली. मग उलथनें आडवें ठेवून तितकेंच दाबलें, तें वरच राहिलें. ताज्या हिमांत बहुतेक हवाच असते. पिठाहून तें पुष्कळ हलकें. वाटेवरच्या फळीची लांबी १७० सेंटिमीटर व शेंड्यापासून शेपटापर्यंत सरासरी रुंदी ९ धरिली, तर दोन्ही मिळून क्षेत्र ३,०६० चौरस सेंटिमीटर होतें. पावडरची फळी १८० लांब व सरासरी १२ रुंद धरिली, तर तेंच ४,३२० होतें. माणूस तोच, भार तोच. परंतु दर चौरस सेंटिमीटरवरील दाब पाव हिश्शाहून अधिक घटला. म्हणून रुंदी मोजावयाची ती कमरेची, म्हणजे बुटाखालची, जेथें फळी सर्वांत अरुंद असते. दाबलेल्या वाटेसाठीं ती ६५ ते ८५ मिलिमीटर, मिश्र हिमासाठीं ९०-१०० च्या आसपास, आणि पावडरसाठीं १०५ पासून १२० व क्वचित् त्याहूनही पुढें.

"मग १२२ चुकलें कसें?" आम्हीं विचारलें. आमचा हिशेब अजून सुटत नव्हता.

तो म्हणाला, "वरून सुरुवात पावडरवर होते, अण्णा; पण खालीं येतांना शेवट कठीण वाटेवर होतो." हजारों माणसांनीं तुडविलेली वाट दुपारनंतर गोठून दगडासारखी होते. तेथें फळी कुशीवर करून कडेनें बर्फ धरावा लागतो. फळी रुंद असली कीं कड पावलाच्या मध्यापासून दूर जाते, आणि बर्फाचा रेटा लांब दांड्याच्या तरफेप्रमाणें घोट्यावर व गुडघ्यावर येतो. शिवाय एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाण्यास वेळ लागतो. थकलेल्या पायास तो वेळ मिळत नाहीं. त्याचें असेंच झालें. झाडींतून उतरतांना १९१ सेंटिमीटरची फळी दोन झाडांच्या मध्यें वळविणें त्यास जमेना. प्रत्येक वळणास सारें अंग लावावें लागलें. पाय भरून आले असतां तो कठीण वाटेवर आला, आणि आंतली कड अडकली.

लांबीचें प्रकरण याहून गुंतागुंतीचें आहे, आणि आम्हांस खरें सांगावयाचें तर तेंच अधिक आवडलें. जुन्या काळीं नियम असा होता कीं, हात वर करावा व फळीचा शेंडा मनगटास लागावा. दोन मीटर लांबीच्या फळ्या त्या वेळीं सर्रास असत. १९९० नंतर कमरेंत बारीक व टोकांस रुंद अशा फळ्या आल्या, त्या सहज वळूं लागल्या, आणि लांबी हनुवटी-नाकापर्यंत उतरली. पावडरसाठीं मात्र ती पुनः डोक्याइतकी किंवा किंचित् अधिक झाली. याचें कारण त्या फळीच्या घडणींत आहे. तिचा शेंडा, आणि पुष्कळदां शेपूटही, दूरपासून हळूहळू वर उचललेलें असतें. कठीण हिमावर तिचा मधलाच भाग टेंकतो, म्हणून १८० ची फळी वाटेवर त्याहून आंखूड असल्याप्रमाणें वागते. खोल हिमांत मात्र ती सारी कामास येते. भिंतीला उभी करून मोजलेली लांबी आणि जमिनीवर टेंकलेली लांबी या दोन निराळ्या गोष्टी होत.

या उलट्या बांकाची कल्पना पुढें आणणारा शेन मॅककाँकी नांवाचा एक गृहस्थ होता. पाण्यावर घसरण्याच्या फळ्या पाहून त्यास वाटलें कीं, खोल हिम हें कठीण बर्फापेक्षां पाण्याच्या जवळचें; मग त्यावरची फळी बर्फाच्या नियमानें कां घडवावी? २००० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत त्याच्या कल्पनेची फळी विक्रीस आली. ती मध्यें रुंद व टोकांस अरुंद, म्हणजे सर्व शास्त्राच्या उलट. लोक प्रथम हंसले. तो २००९ सालीं अपघातांत वारला. पण आजच्या पावडरच्या बहुतेक फळ्यांत त्याच्या कल्पनेचा कांहीं अंश आहे.

पुढच्या जानेवारींत डॉक्टरांनीं परवानगी दिल्यावर पुतण्या पुनः निघाला, आणि आम्हींही बरोबर जाण्याचें ठरविलें. सौभाग्यवतींनीं दोन माकडटोप्या व लाडवांचा डबा दिला. चिलईकलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनची ती चाळीस दिवसांची कडक थंडी, चालू होती. या दिवसांत पश्चिमेकडून येणाऱ्या वादळांबरोबर पडणारें हिम कोरडें व हलकें असतें; मार्चांत तें ओलसर व जड होतें. हाही मापाचाच एक भाग, असें आम्हीं वहींत टिपलें.

भाड्यानें स्की देणाऱ्या एका काश्मिरी वृद्धाच्या दुकानांत आम्ही गेलों. आमची अपेक्षा अशी कीं, तो शिंप्याप्रमाणें टेप काढून उंची घेईल. त्यानें पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा. पुतण्याची उंची १७२ सेंटिमीटर, वजन ६४ किलो. मग त्यानें विचारलें कीं, किती वर्षें करतां, आणि झाडींत जाणार कीं मोकळ्या उतारावर. शेवटीं त्यानें एकदां गुडघ्याकडे पाहिलें; उंची त्यानें नजरेनेंच घेतली असावी. हलक्या माणसास लांब, ताठ फळी वांकवितांच येत नाहीं. ती त्याला नेते, तो तिला नेत नाहीं. जड माणसास आंखूड फळी हिमांत बुडविते. मोकळ्या, वेगाच्या उतारावर थोडी अधिक लांबी स्थिरता देते. झाडींत थोडी कमी असलेली बरी. हें सर्व त्या वृद्धानें चहा पितां पितां दोनचार वाक्यांत सांगितलें. आम्हांस तें समजण्यास एक गुडघा व एक वर्ष लागलें.

त्यानें चार दिवसांत चार जोड्या दिल्या. १७० ची वाटेवर गोड, पण खोल हिमांत शेंडा बुडवी. १८४ ची वर उत्तम, झाडींत जड. अखेरीस १७७ लांब व १०६ रुंद अशा एका जोडीवर तो थांबला.

वर जाण्यापूर्वीं तो व त्याचा वाटाड्या हिम कोसळण्याचा धोका किती तें रोज विचारून घेत, आणि खांद्यावर फावडें, शोधण्याची काठी व अंगावर संदेशयंत्र असे. १ फेब्रुवारी २०२३ रोजीं याच अफरवटवर हिमलोट येऊन पोलंडचे दोघेजण मृत्यु पावले. त्यापुढें कोणत्याही रुंदीची फळी कामाची नाहीं, हें त्यानें आम्हांस न विचारतांच सांगितलें. आम्हांस तें सांगणें आवडलें.

शेवटच्या दिवशीं आम्ही पाळण्यानें कोंगडोरीपर्यंत गेलों व तेथें उभे राहिलों. थंडीनें चष्म्यावर वाफ धरत होती. सुरुवातीस वरून येणारे सर्व ठिपके सारखेच दिसत. मग त्यांतील एक ठिपका देवदारांच्या कडेनें लहान लहान वळणें घेत येऊं लागला, आणि त्याच्या डाव्या पायाकडे आमचें लक्ष खिळलें. कठीण वाटेवर आल्यावर त्यानें वेग कमी केला, फळ्या कुशीवर केल्या व आमच्यापासून दहा हातांवर थांबला. "पाहिलंत, अण्णा?" एवढेंच म्हणाला. आम्हीं लाडवाचा डबा पुढें केला.

पुढें त्यानें तेवढ्याच मापाची जोडी विकत घेतली. किंमत १९१ च्या जोडीहून पुष्कळ अधिक पडली, ती आम्हीं आमच्या निवृत्तिवेतनांतून दिली. १९१ ची जोडी सध्यां माळ्यावर आहे. तिच्यावर उन्हाळ्यांत कुरडया वाळत घालतां येतील काय, असा प्रश्न सौभाग्यवतींनीं एकदां केला होता. त्या विषयावर घरांत अद्यापि एकमत नाहीं.

यंदा त्याची धाकटी बहीणही शिकण्यास जावयाचें म्हणते. परवां जेवतांना तिनें तो विषय काढला, तेव्हां संवयीप्रमाणें सर्वांनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं तिला प्रथम वजन विचारलें. तें तिनें सांगितलें नाहीं. "दादाला सांगेन," म्हणाली आणि ताक वाढावयास उठली.